केशरी म्हणजे ०.५३८, ०.३६०

मराठीत रंगांची नावं वस्तूंवरून पडतात. शेंदरी, केशरी, आबोली, डाळिंबी, वांगी, मोरपंखी. सोय अशी की रंग सांगायला वस्तूचं नाव पुरतं. अडचण अशी की वस्तू स्वतः एका रंगाची नसते. केशराची काडी काळपट लाल असते आणि ती दुधात पडली की दूध पिवळं होतं. मग केशरी रंग काडीचा की दुधाचा? नारिंगीबद्दल तर आमच्या नरखेड तालुक्यात विचारूच नये. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणीला येतं तेव्हा कित्येकदा पोपटी-पिवळंच असतं, आतून गोड झालेलं असलं तरी. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चात येतं, ते सगळी थंडी खाऊन. त्याची साल गडद नारिंगी. बाग तीच, झाड तेच. सालीतलं हरितद्रव्य मोडायला गार रात्री लागतात, आणि आंबियाच्या फळाला त्या पुरेशा मिळत नाहीत, एवढाच फरक.

हे सगळं भाषेची गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण हल्ली सौद्याची पहिली पायरी फोनवर चढतात. "फोटो टाका भाऊ, रंग पाहू दे." बागेतून फोटो जातो, दूरच्या शहरातला व्यापारी तो पाहतो आणि पिकाची आणेवारी काढावी तशी रंगाची आणेवारी मनातल्या मनात काढतो. रंग कमी दिसला तर भाव तिथंच उतरतो. रंग जास्त दिसला आणि गाडी पोचल्यावर फळ फिकं निघालं तर भांडण, आणि भाव पुन्हा उतरतोच. मधल्या मध्ये एक फोन, एक ॲप आणि दुसरा फोन अशा तीन गोष्टी आहेत, आणि त्यातली एकही खरं बोलायला बांधलेली नाही.

एका जागचा रंग दुसऱ्या जागी तसाच कसा पोचवायचा, हा प्रश्न स्क्रीनपेक्षा बराच जुना आहे. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दगडांवर सोडवला गेला. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणले. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापाची पद्धत अशी: मूळ तैलचित्र समोर ठेवायचं, त्यातला प्रत्येक रंग डोळ्यांनी वेगळा काढायचा आणि प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करायचा. मग एकाच कागदावर एकामागून एक दगड उमटवायचे, साधारणपणे फिके रंग आधी आणि गडद नंतर. कागद केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा लाल तिच्या हनुवटीवर. पण मला जास्त विचार करण्यासारखी वाटते ती रंग वेगळे काढणाऱ्या माणसाची नजर. साडीतल्या नारिंगीत पिवळा किती आणि लाल किती, हे त्याने ठरवायचं. उद्या तो आजारी पडला आणि दुसरा बसला तर लक्ष्मी थोडी वेगळी होणार. घरोघरी भिंतीवर गेलेल्या त्या देवतांचा रंग हा रविवर्म्याइतकाच त्या अनाम कारागिरांचा रंग होता.

या छापखान्यासाठी काही काळ दादासाहेब फाळके काम करत होते. 'राजा हरिश्चंद्र'चे फाळके आपल्याला माहीत असतात. रंगीत छपाईचे फाळके कमी. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं घ्यायला ते जर्मनीला गेले. तोवर जगात नवी पद्धत रुळू लागली होती. चित्राचा फोटो तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून तीनदा काढायचा, त्यावरून तीन ठसे करायचे आणि पिवळ्या, लाल, निळ्या शाईत एकावर एक छापायचे. म्हणजे रंग वेगळे काढण्याचं काम माणसाच्या नजरेकडून काचेकडे गेलं. आज तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रत्येक बारीक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी चाळण बसवलेली असते, ती याच कल्पनेची पणती. पण काचेकडे काम गेलं म्हणून वाद मिटला नाही. काच कोणाची, शाई कोणाची, कागद किती पिवळट, यावर नारिंगी बदलत राहिला.

सिनेमाला हा धडा महागात मिळाला. प्रभात कंपनीने १९३३ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'सैरंध्री' रंगीत करायचं ठरवलं. चित्रीकरण कोल्हापुरात, रंगाची प्रक्रिया जर्मनीत. परत आलेल्या प्रतींचे रंग भडक होते, मनासारखे नव्हते, आणि भारताचा पहिला रंगीत चित्रपट म्हणून ज्याचा गाजावाजा व्हायचा तो प्रयोग फसला. विचार करा, साडी कोल्हापुरात रंगली, तिचा रंग हजारो मैलांवरच्या अशा माणसाने ठरवला ज्याने ती साडी कधी पाहिली नव्हती. सोबत काय पाठवणार होते? 'केशरी जरा मवाळ ठेवा' अशी चिठ्ठी? जर्मन तंत्रज्ञाचा मवाळ आणि आपला मवाळ एकच कशावरून? शांतारामांनी रंगाला पुन्हा मोठ्या ताकदीने हात घातला तो १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये, टेक्निकलरमध्ये. मध्ये २२ वर्षं गेली.

गंमत अशी की 'सैरंध्री' फसली त्याच्या दोनच वर्षं आधी चिठ्ठीचा प्रश्न कागदोपत्री सुटला होता. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड या दोघांनी वेगवेगळे प्रयोग केले. प्रयोग साधा होता. माणसाला एका छोट्या गोल खिडकीत बघायला सांगायचं. खिडकीचा अर्धा भाग एका शुद्ध रंगाच्या प्रकाशाने भरलेला. दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिसळलेले. माणसाने तिन्ही प्रकाश कमीजास्त करत राहायचं, दोन अर्धुकांमधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत. रेघ गेली की आकडे लिहून घ्यायचे. हाताची लांबी पूर्ण ताणली तर अंगठ्याचं नख डोळ्याला जेवढं दिसतं, साधारण तेवढी ती खिडकी. राइटकडे १० माणसं होती, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांची सरासरी काढून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' नावाचा एक काल्पनिक माणूस जाहीर केला. तुमच्या हातातल्या फोनपासून थिएटरच्या पडद्यापर्यंत रंगाचं जेवढं म्हणून गणित होतं, त्याच्या मुळाशी आजही हा माणूस बसलेला आहे. सतरा डोळसांच्या जिवावर अख्खं जग रंग मोजतं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा धाडसाचंच वाटलं होतं. पण गणित टिकलं आहे.

या गणिताने प्रत्येक रंगाला नकाशावर जागा दिली. गावाला अक्षांश-रेखांश असतात तसे रंगाला दोन आकडे, एक्स आणि वाय. हे दोन आकडे रंग कोणता ते सांगतात. तो किती उजळ, हे सांगायला तिसरा आकडा. आता चिठ्ठीत 'मवाळ' लिहायची गरज उरली नाही.

स्वतंत्र भारताने हे आकडे फार लवकर वापरले, आणि तेही सगळ्यात नाजूक जागी. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. भारतीय मानक संस्था त्याच वर्षी सुरू झाली होती. तिने पुढे सिमेंटपासून प्रेशर कुकरपर्यंत हजारो मानकं काढली, पण क्रमांक एकचं मानक, आयएस १, १९५१ साली निघालं ते राष्ट्रध्वजाचं. १९६४ आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्यात कापडाचा पोत, धाग्यांची संख्या, शिवण असं सगळं आहे, आणि रंगांचा तक्ता आहे. तक्त्यातला भारतीय केशरी असा: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, उजळपणा २१.५ टक्के. त्याग, शौर्य वगैरे शाळेत शिकलो ते वेगळं. मानकात फक्त तीन आकडे.

आणि एक अट. हे आकडे 'प्रदीपक सी' नावाच्या प्रकाशात खरे. प्रदीपक सी म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला सरासरी दिवसाचा प्रकाश. साध्या पिवळ्या दिव्यासमोर विशिष्ट निळ्या द्रावणाने भरलेली काचेची कुपी ठेवून तो बनवत. रंग मोजायचा तर आधी प्रकाश मोजून बांधून घ्यावा लागतो, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत जे झेंडे तयार होतात, त्यांचा केशरी याच तक्त्याशी बांधलेला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर विणलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये गल्लीत एका ओळीत लागलेले झेंडे आठवून पाहा. किती केशरी होते?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे हे आकडे स्क्रीनच्या भाषेत आणून बघायचा मोह आवरला नाही. स्क्रीनची भाषा म्हणजे लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. इंटरनेटवर तिरंग्याच्या केशरीसाठी वर्षानुवर्षं फिरत आलेले आकडे आहेत २५५, १५३, ५१. आयएस १ चा केशरी गणिताने उतरवला तर येतात साधारण २१५, ८७ आणि पन्नाशीच्या आसपास. दुसरा रंग पहिल्यापेक्षा पुष्कळ लालसर आणि दबका आहे, पिकलेल्या विटेकडे झुकलेला. इंटरनेटवरच्या केशरीचा उजळपणा येतो ४४ टक्के, मानकात २१.५. आता कापड आणि स्क्रीन यांची सरळ तुलना अन्यायाची आहे, कारण मानकातल्या कापडाचा पांढराच ७२.६ टक्के उजळ आहे आणि स्क्रीनचा पांढरा पूर्ण शंभर. तेवढी सूट दिली तरी इंटरनेटचा केशरी दीडपट उजळ राहतो, आणि वर पिवळ्याकडे सरकलेला. पंधरा ऑगस्टला आपण एकमेकांना पाठवतो तो बहुतेक हा दुसराच केशरी.

पण थांबा. '२५५, १५३, ५१' हा तरी रंग आहे का? नाही. ती नुसती सूचना आहे: लाल पूर्ण पेटव, हिरवा इतका, निळा इतका. कोणाचा लाल? हा प्रश्न जुन्या वजनमापांसारखा आहे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, त्याआधी शेर आणि पायली मुलखागणिक बदलत. पाच पायल्या ज्वारी म्हटल्यावर 'कुठली पायली?' हे विचारावं लागे. स्क्रीनचं तसंच होतं. काचेच्या नळीचे जुने मॉनिटर आतल्या बाजूला लावलेल्या प्रस्फुरकांनी चमकत. हे प्रस्फुरक कंपनीगणिक वेगळे, आणि वयाबरोबर मंद होणारे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं, पण चित्र जास्त उजळ दिसावं म्हणून कंपन्यांनी हळूहळू वेगळेच प्रस्फुरक वापरायला घेतले. ग्राहकाला दुकानात उजळ टीव्ही आवडतो. आज फोनच्या सेटिंगमध्ये 'विव्हिड' नावाचा पर्याय असतो, बऱ्याचदा डबा उघडल्यापासून चालूच असतो, त्यामागचं डोकं तेच.

संगणकावर यातून वाट निघाली ती १९९० च्या दशकात. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग मंडळ स्थापन केलं, त्याला आयसीसी म्हणतात (क्रिकेटवाली वेगळी). त्यांची कल्पना अशी की प्रत्येक यंत्राने स्वतःची पायली केवढी ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं. या फाइलला प्रोफाइल म्हणतात. 'माझा लाल नकाशावर इथे, हिरवा इथे, निळा इथे, आणि पांढरा असा.' जागा सांगायला नकाशा अर्थात १९३१ चाच. मग फोटो या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर जाताना आकडे बदलतात आणि रंग तोच राहतो. दुसरी कल्पना १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडली. सगळ्यांनी एकच पायली मानू या: त्या काळच्या सर्वसाधारण मॉनिटरसारखी. ती एसआरजीबी. १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि फोटोसोबत काहीच लिहिलेलं नसेल तर तो एसआरजीबीत आहे असं धरून चालायचा रिवाज पडला.

मॉनिटर कॅलिब्रेट करतात म्हणजे काय, ते आता थोडक्यात सांगता येतं. आधी मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा. रात्रीचा पिवळा मोड आणि आपोआप कमीजास्त होणारा प्रकाश बंद. मग पांढरा दिवसाच्या प्रकाशाच्या जवळ आणायचा, ६५०० केल्विन म्हणतात तो. उजळपणा दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास. आपण सवयीने वापरतो त्यापेक्षा हे बरंच मंद वाटतं, आणि 'छापलेला फोटो काळा का आला?' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. मग पडद्यावर एक छोटं मोजयंत्र टेकवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंगाचा चौकोन दाखवतं, यंत्र तो मोजतं, मागितला काय आणि मिळाला काय याचा हिशेब लावतं आणि शेवटी प्रोफाइल लिहून देतं. यात दोन वेगळी कामं आहेत, पण दोन्हींना सरसकट एकच नाव पडलंय. स्क्रीनला नीट वागायला लावणं हे कॅलिब्रेशन. एवढं करून ती कशी वागते याची प्रामाणिक नोंद ठेवणं म्हणजे प्रोफाइल. नोंद खरी असेल तर स्क्रीन थोडी वाकडी असली तरी चालतं. मोजयंत्राशिवाय, नुसतं डोळ्यांनी ठोकताळे लावून केलेलं कॅलिब्रेशन मात्र मळवलीच्या कारागिरासारखं, आणि त्याच्याकडे निदान आयुष्यभराचा सराव होता.

फोटो छापून देणाऱ्या लॅबमध्ये ही नजर फार काळ टिकली. रोलच्या जमान्यात गावाकडच्या लग्नाचा रोल शहरातल्या लॅबमध्ये जायचा. तिथे यंत्रावर बसलेला माणूस प्रत्येक फोटो बघून बटणं दाबायचा: पिवळा थोडा वाढव, निळसर काढ, गडद कर. नवरीच्या शालूचा रंग त्याने पाहिलेला नसायचा. चेहऱ्याच्या रंगावरून तो अंदाज घ्यायचा, आणि चेहऱ्यांच्या बाबतीत मूळ मोजमापच एका बाजूला झुकलेलं होतं. कोडॅक लॅबना जे नमुन्याचे फोटो पाठवत असे त्यांत दशकानुदशकं गोऱ्या कातडीची बाई असायची. ती बरोबर दिसली की यंत्र बरोबर. १९७६ साली २४ रंगांच्या चौकोनांचा मॅकबेथचा तक्ता आला, त्याच्या पहिल्या दोन चौकोनांत सावळी आणि गोरी अशा दोन्ही कातड्यांना जागा मिळाली. त्यात नारिंगीचेही दोन चौकोन आहेत, एक चांगला लालसर आणि एक पिवळ्याकडे झुकलेला. मृग आणि आंबिया म्हणायला हरकत नाही.

तर संत्र्याचा फोटो. तोडणी झाली, फळ निळ्या ताडपत्रीवर ओतलं, फोन काढला. फोनचा कॅमेरा आधी ठरवतो की इथे पांढरा कुठला असावा. चौकटीत निळं भरपूर, म्हणून तो चित्र पिवळ्याकडे ढकलू शकतो, आणि पोपटी फळ पिकल्यासारखं दिसतं. तेच फळ पाचटावर ठेवलं तर उलटं होऊ शकतं. गडद मृगाचं फळ उन्हात घेतलं तर आणखी एक घोळ: लालचा आकडा २५५ ला टेकतो आणि त्याच्या पुढे जायला जागा नसते. सालीवरची बारीक छिद्रं नाहीशी होतात, फळ प्लॅस्टिकचं वाटतं. नंतर फोटो ॲपमधून दाबला जातो, आणि रात्री नऊ वाजता व्यापारी तो पिवळ्या मोडमधल्या स्क्रीनवर बघतो. इथे कोणीच खोटं बोललेलं नाही, तरी त्याने पाहिलेलं संत्रं नरखेडात कुठल्याच झाडावर नाही.

मोजयंत्र घेऊन कोणी बागेत जाणार नाही, व्यापारी तर नाहीच. सावलीत फोटो घेणं, खाली पांढरं पोतं किंवा कागद अंथरणं, विव्हिड बंद करणं, एवढ्याने बराच फरक पडतो. पण दोन्ही टोकांना सारखी असलेली एखादी रंगीत वस्तू असेल तर जास्त बरं. तशी एक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१७ मध्ये २०० रुपयांची नोट आणली, तिचा रंग बँक 'उजळ पिवळा' सांगते. हातात घेतली तर ती नारिंगीच्या अंगाने जाते. ती बागवानाच्या खिशात आहे आणि व्यापाऱ्याच्याही. फळाशेजारी नोट ठेवून फोटो काढायचा. व्यापाऱ्याने आपल्या खिशातली नोट काढून उजेडात स्क्रीनशेजारी धरायची. स्क्रीनवरची नोट जितकी पिवळी किंवा लाल सरकलेली दिसेल, साधारण तितकंच आणि त्याच दिशेला संत्रंही सरकलेलं असणार. नोट मात्र दोघांचीही कोरी हवी.